नितीन म्हणाला मी पैसे घेतले

वाईच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवणाऱ्या बाईंचे वडील जन्मभर छापखान्यात खिळे जुळवत होते. शिक्षण बेताचे, पण हातात स्टिक आणि समोर केस आली, की माणूस दिवसभर मान वर करत नसे. लेखकाच्या हस्तलिखितात एखादे संवादाचे वाक्य सुरू झाले आणि ते कुठे संपते हे कळेना, की मात्र त्यांचा हात थांबे. तो कागद घेऊन ते मालकांच्या टेबलाशी जात आणि विचारत, “हे कोण बोलतंय?” मालक म्हणत, “लावा हो अंदाजानं.” जुळारी अंदाजाने लावत नसत. लेखकाचे उत्तर येईपर्यंत तेवढी ओळ मोकळी ठेवत. फर्मा अडकला म्हणून मालकांच्या शिव्या खात, पण दुसऱ्याच्या तोंडी कोणते शब्द घालायचे हे आपण ठरवायचे नाही, एवढे त्यांचे पक्के होते.

बाईंना वारशात मिळाला तो एवढा एकच प्रश्न. नववीच्या वर्गात त्याचा काही उपयोग होईल, असे त्यांना सुरुवातीला वाटले नव्हते.

कारण परीक्षेत वर्ग हुशार होता. ‘पुढील वाक्यात योग्य विरामचिन्हे घाला’ असा प्रश्न आला, की जवळजवळ सगळ्यांचे गुण पदरात पडत. म्हणाली, म्हणाला, विचारले या शब्दांनंतर स्वल्पविराम, मग दुहेरी अवतरणचिन्ह, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह, आणि त्याच्याही बाहेर बंद होणारे अवतरणचिन्ह. हे सगळे मुलांना पाढ्यांसारखे पाठ होते. पण दिवाळीच्या हस्तलिखितासाठी बाईंनी कथा लिहून आणायला सांगितल्या, तेव्हा हीच मुले चार-चार पाने टिंबाशिवाय लिहून मोकळी झाली. बाप, मुलगा, शेजारीण आणि सरपंच एकाच परिच्छेदात एकमेकांच्या अंगावर पडत होते. एकाने अवतरण पहिल्या पानावर उघडले होते, ते कथा संपली तरी बंद झाले नव्हते. एकीने ‘की’ही घातला होता आणि अवतरणचिन्हेही. एका मुलाला ती चिन्हे इतकी आवडली होती, की त्याने नदीच्या वर्णनालाही ती लावून टाकली. उद्गारचिन्हांचे तर काही विचारू नका. दार वाजले तरी चार.

असे का व्हावे? प्रश्नपत्रिकेतले वाक्य परके असते. मूल त्याच्याकडे बाहेरून बघते, त्यामुळे कुठे काय हवे ते त्याला दिसते. स्वतःची कथा लिहिताना मात्र माणसे त्याच्या डोक्यात बोलत असतात. कोणाचा आवाज कोणता, हे त्याला ऐकूच येत असते. ते आवाज कागदावर उतरलेले नाहीत याचा त्याला पत्ताच नसतो. नियम पुन्हा सांगून हे सुटणार नाही, हे बाईंना कळले. त्यांनी एक पान निवडले आणि तीन मुलांना उभे केले. एकाने बापाचे बोलणे वाचायचे, दुसऱ्याने मुलाचे, तिसऱ्याने मधले निवेदन. पाचव्या ओळीला बाप आणि निवेदक एकदम बोलू लागले. सातव्या ओळीला मुलाने स्वतःलाच थोबाडीत मारली. वर्ग हसून बेजार झाला, आणि ज्याची कथा होती तो पहिल्यांदाच आपल्या पानाकडे संशयाने पाहू लागला.

मग पुढचे शिकवणे सोपे गेले. बोलणारा बदलला, की नवी ओळ. बोलणे आधी आणि बोलणारा नंतर आला, तर स्वल्पविराम अवतरणाच्या आत: “मी येतो,” तो म्हणाला. बोलणे मध्येच तोडून बोलणारा दाखवला, तर अवतरण दोनदा उघडायचे आणि दोनदा बंद करायचे. बोलण्यात आणखी कोणाचे बोलणे आले, तर आतले एकेरी. वाक्य अर्धवट राहिले तर तीन टिंबे; सहा नाहीत, बारा नाहीत.

बाईंनी वर्गात मोडीतल्या एका जुन्या पत्राचे छायाचित्रही आणले होते. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि त्यांचे दप्तर प्रसिद्ध आहे, त्यामुळे मोडी हा मुलांना अगदीच परका विषय नव्हता. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे. शब्द तोडलेले नाहीत, स्वल्पविराम नाही, अवतरण तर नाहीच. आपल्याकडे आज दिसतात ती विरामचिन्हे इंग्रजी अमदानीत छापखान्यांबरोबर आली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या मेजर थॉमस कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली.

“म्हणजे त्याआधी चाललंच होतं की, बाई!” सागर म्हणाला. सागर वर्गाचा मॉनिटर, आणि कथा लिहिण्यात सगळ्यांत पुढे. “वाचणाऱ्याला कळतंच. कशाला हवीत चिन्हं?”

प्रश्न चांगला होता. बाईंनी त्याला गप्प बसवले नाही. त्यांनी म्हाइंभटांचे सांगितले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याज्यांच्यापाशी होत्या, त्यांच्याकडून त्या गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिले. तिथे अवतरणचिन्ह नाही, पण कोण म्हणाले हे पुन्हापुन्हा सांगितलेले आहे; कंटाळा न करता. मोडीतल्या पत्रांतही दुसऱ्याचे म्हणणे कुठे संपले ते सांगायला ‘म्हणोन’, ‘ऐसे’ असे शब्द येत. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी मर्यादामुद्रा उमटवलेली असे. पत्र इथे संपले. याच्यापुढे कोणी काही लिहिले असेल, तर ते महाराजांचे नव्हे. “चिन्हं नव्हती, पण काळजी होती,” बाई म्हणाल्या. “तू चिन्हंही घालत नाहीस आणि काळजीही घेत नाहीस.”

सागर हसला. त्याला पटले नव्हते.

त्याच आठवड्यात हस्तलिखिताच्या वर्गणीचा डबा रिकामा सापडला. कार्डशीट, रंग आणि बांधणी यांसाठी जमवलेले 640 रुपये त्यात होते. पैसे सांभाळणारी मुलगी तापाने घरी होती आणि तिच्या घरचा फोन लागत नव्हता. मोठ्या सरांनी मॉनिटरला बोलावले आणि काय पाहिले ते लिहून द्यायला सांगितले. सागरने उभ्याउभ्या लिहून दिले:

मी आणि नितीन मधल्या सुट्टीत वर्गात गेलो डबा उघडा होता आत पैसे नव्हते नितीन म्हणाला मी पैसे घेतले कोणाला सांगू नको मग मी घाबरलो आणि घरी गेलो

मोठे सर गणिताचे. त्यांनी कागद एकदा वाचला आणि त्यांना उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी नितीन आणि त्याचे वडील ऑफिसात उभे होते. वडील हळदीच्या वखारीत हमाली करतात. अर्धा दिवस बुडवून आले होते. नितीन म्हणत होता, “सर, मी असं म्हणालोच नाही.” सर कागदावर बोट ठेवून म्हणत होते, “मग हे काय लिहिलंय?” दाराशी सागर उभा होता. त्याला काही विचारले गेले नाही आणि तो काही बोलला नाही.

शेवटी वडील म्हणाले, “पोरगं घ्यायचं न्हाय, सर. पर घेतलं असलं तर मी भरतो.” त्यांनी खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, कमी पडल्या त्या वखारीतल्या एका माणसाकडून मागवल्या आणि 640 रुपये टेबलावर ठेवले. नितीन तेव्हा काय करत होता, हे लिहिण्यासारखे नाही.

बाईंना हे शिक्षकांच्या खोलीत कळले. त्यांनी तो कागद मागून घेतला, वाचला, पुन्हा वाचला आणि मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या.

“सर, नितीननं कबूल केलं असं यात कुठं आहे?”

“हे काय. ‘मी पैसे घेतले.’”

“हा मी कोण?”

“बाई,” सर वैतागून म्हणाले, “हा व्याकरणाचा तास नाही.”

बाई तिथे वाद घालत बसल्या नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी सागरला थांबवून घेतले. वर्गासमोर नाही, हे मला त्यांचे फार आवडते, कारण चारचौघांत विचारले असते, तर पोराने फक्त स्वतःला वाचवले असते. त्यांनी त्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

“तुझंच लिखाण आहे. विरामचिन्हं घाल.”

सोपे होते तेवढे त्याने झटक्यात केले. ‘वर्गात गेलो’नंतर पूर्णविराम, ‘उघडा होता’नंतर पूर्णविराम, ‘पैसे नव्हते’नंतर पूर्णविराम. ‘नितीन म्हणाला’पुढे स्वल्पविराम. मग ‘मी’च्या आधी त्याने अवतरणचिन्ह उघडले आणि पेन तिथेच राहिले.

“आता हा मी कोण झाला?” बाईंनी विचारले.

“नितीन.”

“नितीन असं म्हणाला?”

सागर बोलला नाही. त्याने ते चिन्ह खोडले आणि ‘म्हणाला’पुढे ‘की’ लिहिला. नितीन म्हणाला, की मी पैसे घेतले. पोर खरेच हुशार होते. मराठीत ‘की’ आला, की पुढचा ‘मी’ बोलणाऱ्याचाही असू शकतो आणि लिहिणाऱ्याचाही. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा.

“ही पळवाट झाली,” बाई म्हणाल्या. “तो काय म्हणाला ते लिही. तुझ्या शब्दांत नको. त्याच्या शब्दांत, त्याच्या भाषेत. आणि त्यावर अवतरणचिन्ह घाल. ते घातलंस, की तू मला सांगतोयस की आतला एकही शब्द तुझा नाही.”

यावर सागरने बराच वेळ घेतला. मग त्याने जुनी ओळ पूर्ण खोडली आणि खाली लिहिले:

नितीन म्हणाला, “तू घेतलंस का रं पैसं?”

बाईंनी त्या ओळीकडे पाहिले. ‘मी’चा ‘तू’ झाला होता, आणि शेवटी प्रश्नचिन्ह होते. म्हणजे नितीनने कबुली दिली नव्हती, इतकेच नव्हे. त्याने आरोपही केला नव्हता. रिकामा डबा पाहून त्याने मित्राला एक साधा प्रश्न विचारला होता.

“आणि ‘कोणाला सांगू नको’ हे कोण बोललं?”

“मी.”

“का?”

“मी मॉनिटर, बाई. डबा माझ्याच बाकाखाली असतो. सगळे मलाच धरतील असं वाटलं.”

“मग नितीनचे वडील आले होते तेव्हा?”

“मोठे सर उलटं वाचतायत ते मला कळलं होतं,” सागर म्हणाला, आणि मग त्याला रडू आले.

कोणी म्हणेल, पोराने खोटे कुठे लिहिले होते? मुद्दाम नव्हते लिहिले. प्रश्नाचे त्याने विधान केले होते, पण घाईत लिहिताना त्याच्या मनात कपट नव्हते. वर्गात कथा लिहितो तसे त्याने लिहिले: आवाज आपल्या डोक्यात स्पष्ट आहेत, वाचणाऱ्याला कळतीलच. वाचणाऱ्याला कळले, ते वेगळेच. आणि ते आपल्या सोयीचे आहे, हे दिसल्यावर त्याने ते तसेच राहू दिले. मला विचाराल तर चूक पहिल्या दिवशी झाली आणि पाप दुसऱ्या दिवशी. आणि दोन्हींच्या मध्ये जागा होती ती दोन चिन्हांएवढीच.

दुसऱ्या दिवशी सागर दुरुस्त केलेला कागद घेऊन स्वतः मोठ्या सरांकडे गेला. पैसे सांभाळणारी मुलगीही ताप उतरून शाळेत आली ती पावती घेऊनच. कागदाच्या दुकानदाराने आगाऊ रक्कम मागितली होती, म्हणून डबा रिकामा सापडण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने सगळे पैसे तिथे भरले होते आणि अंगात कणकण असल्याने डबा तसाच उघडा टाकून घरी गेली होती. चोरी झालीच नव्हती. नितीनच्या वडिलांना शाळेत आणले ते पैशांनी नव्हे, एका वाक्याने.

मोठ्या सरांचे एक सांगायला हवे. त्यांनी शिपायाहाती पैसे पाठवले नाहीत. ते स्वतः वखारीत गेले, हमालांच्या देखत 640 रुपये परत दिले आणि म्हणाले, “मी चुकीचं वाचलं.” नितीनच्या वडिलांनी पैसे मोजून खिशात ठेवले. “वाचायच्या आदी पोराला इचारायचं हुतं, सर,” एवढेच ते बोलले, आणि पोते पाठीवर घेतले. नितीननेही सागरला लगेच माफ केले नाही. मुले मोठ्यांना वाटतात तितकी विसराळू नसतात. ते दोघे पुन्हा एका बाकावर बसू लागले, ते सहामाही परीक्षा झाल्यावर.

वर्गात मात्र बाईंना पुढे फारसे शिकवावे लागले नाही. मुलांनी कथा एकमेकांकडे तपासायला दिल्या आणि समासात जिकडेतिकडे एकच शेरा दिसू लागला: हे कोण बोलतंय? लिहिणाऱ्याला उत्तर द्यावेच लागे, आणि उत्तर देताना कधीकधी त्याच्या ध्यानात येई, की हे वाक्य कोणाचेच नाही. आपल्यालाच काहीतरी सांगायचे होते, ते आपण आजीच्या तोंडी घातले. अशी बरीच उपदेशाची वाक्ये त्या वर्षीच्या कथांतून गळाली. कथा सुधारल्या त्या यामुळेही.

एक भांडण बाईंपर्यंत आले. नितीनने वखारीवर कथा लिहिली होती. सुवाच्य अक्षराच्या मुलीने ती उतरवून घेताना हमालांच्या तोंडचे ‘पैसं’ आणि ‘हुतं’ दुरुस्त करून ‘पैसे’ आणि ‘होते’ केले होते. शुद्धलेखन नको का, तिचे म्हणणे. नितीन म्हणाला, की निवेदन खुशाल शुद्ध कर, पण अवतरणाच्या आत हात लावू नकोस. माझे आबा ‘होते’ म्हणत नाहीत. बाईंनी निकाल नितीनच्या बाजूने दिला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियमही पात्राच्या तोंडची भाषा बोलण्याप्रमाणे लिहायला मुभा देतात. मुलीने चार पाने पुन्हा उतरवली. रागाने उतरवली, पण अक्षर बिघडू दिले नाही.

सागरची कथा हस्तलिखितात शेवटून दुसरी आली. संवाद बिनचूक होते. बाईंनी तिला दहापैकी सात गुण दिले. शेवट पटला नाही म्हणून तीन कापले, आणि सागरने त्याबद्दल हुज्जतही घातली.

शाळेची तक्रारवही त्यानंतर बदलली. पूर्वी तिच्यात तारीख, नाव आणि तक्रार असे तीन रकाने होते. आता पाच आहेत. चौथ्याचे शीर्षक ‘कोण म्हणाले’ आणि पाचव्याचे ‘त्याच्याच शब्दांत काय म्हणाले’. ते दोन्ही मोठ्या सरांनी स्वतः पट्टी धरून आखले आहेत, आणि ज्याचे नाव आले त्याला तो पाचवा रकाना वाचून दाखवून सही घेतल्याशिवाय कोणाच्याही पालकाला शाळेतून निरोप जात नाही.